आंबा घाटात उतरलेला काटा: फुटलेल्या थर्मोस्टॅट हाउसिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिझेलवरची हॅचबॅक, नऊ वर्षं वापरलेली, मीटर सव्वा लाखाच्या जरा अलीकडे. मालक कोल्हापूरचे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले. घरात त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. गाडी बहुतेक वेळा त्यांची लेक चालवते. मे महिन्यात रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात गाडी गरम झाली आणि थर्मोस्टॅट हाउसिंग फुटल्याचं गॅरेजमध्ये गेल्यावर कळलं. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. आबा, लेक आणि मिस्त्री, तिघांकडून वेगवेगळं ऐकून आणि फुटलेला भाग हातात घेऊन हे लिहिलंय. नावं, गाडीची कंपनी आणि गॅरेज कुठलं ते सांगत नाही, त्यानं काही अडत नाही.

ज्यांनी हा भाग कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी आणि रसायनाचं मिश्रण) इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जायला लागतं. ही झडप ज्या खोक्यात बसते ते हाउसिंग. एका बाजूने ते हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाला, दोन-तीन बोल्टांनी जखडलेलं असतं, दुसऱ्या बाजूला रेडिएटरचा वरचा हौजपाइप, हीटरचा पाइप, आणि अंगावरच टेंपरेचरचा सेन्सर. हा सेन्सर लक्षात ठेवा, पुढे सगळा घोटाळा त्याच्यापाशीच आहे.

पूर्वी हे हाउसिंग ओतीव धातूचं असायचं. आता बहुतेक गाड्यांत ते काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं. हलकं, स्वस्त, गंज नाही. पण गरम कूलंटमध्ये वर्षानुवर्षं राहिल्यावर नायलॉन ठिसूळ होतं. बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून त्याचा चिवटपणा गेलेला असतो.

या गाडीचा आधीचा इतिहासही होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये वरचा हौजपाइप बदलला होता. तेव्हा मूळची स्प्रिंगची क्लिप काढून स्क्रूने आवळायची क्लिप लावली गेली. आणि घाटातल्या त्या मे महिन्याच्या आधीच्या होळीपासून कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत होती. आबा आठ-पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून मॅक्सच्या रेघेपर्यंत बोअरचं पाणी ओतायचे. गाडीखाली थेंब दिसत नव्हता, म्हणून गळती नाही असं त्यांनी धरलं होतं. थेंब पडायचा नाही कारण पाणी गरम हेडवर पडून तिथेच वाफ होऊन जायचं. मागे राहायचा फक्त पांढरट-गुलाबी थर, आणि तो इंजिनवरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली लपलेला.

घाटात काय झालं

चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी सुरू, दुपारची वेळ. साखरपा सोडून घाट लागला. समोर ट्रक, त्यामुळे दुसऱ्या गिअरवर रखडत चढणं चाललेलं. वाऱ्याचा झोत नाही, इंजिनवर भार पूर्ण. गळक्या हाउसिंगला यापेक्षा वाईट परिस्थिती मिळणं कठीण.

लेकीच्या सांगण्याप्रमाणे तापमानाचा काटा आधी मध्यावरून हलला आणि पाऊण भागापर्यंत गेला. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हल्लीच्या गाड्यांत तो काटा खरं तापमान जसंच्या तसं दाखवत नाही. साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून. तेव्हा काटा मध्यावरून हलला याचाच अर्थ गाडी आधीच बऱ्यापैकी तापलेली आहे.

ती म्हणाली, “आबा, बाजूला घेते.” आबा म्हणाले, “इथं वळणावर नको. वर जागा आहे, तिथं घे. एसी बंद कर.” वळणावर थांबू नये हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मागून एसटी आणि लाकडाचे ट्रक येत होते. तिने एसी बंद केला आणि गाडी चालवत राहिली.

मग थोड्या अंतरावर काटा खाली आला. नुसता मध्यावर नव्हे, मध्याच्याही खाली. आबा म्हणाले, “बघ, उतरला. एसीचाच लोड होता.” रस्त्याच्या कडेला थांबायला मिळेल अशी एक जागा तेव्हाच मागे गेली.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण हाच. काटा उतरला कारण सेन्सरभोवतीचं कूलंटच संपलं होतं. हाउसिंगला तडा जाऊन पाणी बाहेर फेकलं गेलं, सेन्सर उघडा पडला आणि हवा-वाफेत लटकून तो चुकीचा आकडा देऊ लागला. इंजिनचा धातू तापतच होता, सांगणारा मात्र गप्प झाला होता. हेच पाच मिनिटांपूर्वी घडलं असतं, तर काटा वर गेलेला कुणाला दिसलाच नसता.

वाचवलं ते लेकीच्या एका शंकेनं. चढ तसाच, भार तसाच, आणि एसी बंद करून काटा इतका खाली कसा जाईल, हे तिला पटेना. जुन्या जीपमध्ये इंजिन तापलं की हीटर लावून उष्णता आत ओढून घ्यायची, हे आबांनीच तिला कधीतरी सांगितलेलं. तिने हीटर पूर्ण गरमवर लावला, पंखा वाढवला. इंजिन तापलेलं असताना तोंडावर भट्टीसारखी हवा यायला हवी होती. आली बाहेरच्यासारखी साधी हवा. म्हणजे हीटरच्या पाइपात गरम पाणी फिरतच नाही, म्हणजेच पाणी नाही. पुढच्या थोड्याशा रुंद जागेत तिने गाडी उभी केली आणि लगेच इंजिन बंद केलं. काटा उतरल्यापासून गाडी सुमारे दीड किलोमीटर चालली होती.

बॉनेट उघडल्यावर वाफ होती. आबांनी बाटली काढून टाकीच्या झाकणाला हात घातला. लेकीने हात धरला. गरम टाकीचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उरलंसुरलं पाणी एकदम उकळून अंगावर येतं. आबांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अँबॅसॅडर होत्या, त्यांचं हेड ओतीव लोखंडाचं. त्या गाड्यांत गरम इंजिनात पाणी ओतून लोक पुढे जायचे. आताचं हेड अॅल्युमिनियमचं. तापलेल्या अॅल्युमिनियमवर गार पाणी पडलं की ते वाकायला किंवा चिरायला वेळ लागत नाही.

तासाभराने इंजिन हात लावण्याइतकं निवलं. मग तीन वाटा होत्या. पाणी भरत भरत, टाकीचं झाकण सैल ठेवून कोल्हापूर गाठायचं. झाकण सैल असलं की दाब वाढत नाही आणि गळती मंदावते, ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. दोर लावून ओढून न्यायचं. किंवा गाडी उचलून न्यायची. पहिल्या वाटेत अडचण अशी की, झाकण सैल केलं की पाणी शंभर अंशांच्या आसपासच उकळतं. बंद यंत्रणेत एक बार जादा दाब असेल तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाबाचं हे संरक्षण काढून घाटाचा उरलेला चढ चढायचा हा जुगार होता. दोर लावणं घाटात धोक्याचं, कारण इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही नसतात. त्यांनी विम्याबरोबर मिळालेल्या सेवेला फोन लावला. उचलून नेणारी गाडी यायला संध्याकाळ झाली, आबांची चिडचिड झाली, आंबे टेम्पोत गेले. तरीही निर्णय योग्यच होता.

गॅरेजमधली तपासणी

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने वरचं झाकण काढलं आणि पहिल्याच नजरेत चीर दिसली. हौजपाइप ज्या नळीवर चढतो तिच्या मुळाशी, क्लिपच्या बरोबर खाली. शिवाय बोल्टच्या एका कानाला केसासारखी दुसरी चीर. झाकणाखालचा तो पांढरट-गुलाबी थर वाळून खरखरीत झालेला. मिस्त्री म्हणाला, “काका, ह्ये कालचं न्हाई. दोन-तीन महिन्यांचं हाय.”

मला स्वतःला त्या भागावर तीन खुणा दिसल्या आणि तिन्ही एकमेकींशी जोडलेल्या आहेत. नळीवर स्क्रूच्या क्लिपची खोल खाच पडलेली. स्प्रिंगची क्लिप गरम-गारमध्ये नळीबरोबर फुगते आणि आवळते. स्क्रूची क्लिप थंडीत आवळून ठेवली की गरम झाल्यावर ठिसूळ नायलॉनवर चिमटा बसतो. दुसरी खूण, हाउसिंग आणि हेड यांच्या सांध्यात सिलिकॉनचा थर. या हाउसिंगला खाचेत बसणारी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी असते, तिथे सिलिकॉनची गरज नसते. लावलं तर रिंग नीट बसत नाही आणि मग माणूस बोल्ट जास्त आवळतो. त्यातून कानाची ती चीर. तिसरी खूण, आतल्या बाजूला पांढरा क्षार. बोअरचं पाणी.

म्हणजे नायलॉन वयानं ठिसूळ झालं हे खरं, पण ते फुटलं ते दोन वर्षांपूर्वीच्या कामामुळे आणि पातळी उतरताना पाणी ओतत राहिल्यामुळे. घाटानं फक्त शेवटचा धक्का दिला.

खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. दीड किलोमीटर कोरड्या इंजिनानं हेडचं काय केलं?

समोरचे पर्याय

आबांनी ओळखीच्या दुसऱ्या एका गॅरेजला फोन केला. गाडी न बघताच उत्तर आलं: हेड उचलावंच लागणार, गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद करणारी पातळ चकती), फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), बोल्ट, सगळं मिळून तीस-चाळीस हजार. या मिस्त्रीने मात्र आधी तेलाची काडी बघितली, तेल काळं, दुधाळ नाही. तेल भरायच्या झाकणाखाली फेस नाही. ही लक्षणं चांगली, पण पुरेशी नाहीत. गॅस्केट तेलाच्या बाजूला न फुटता सिलिंडरच्या बाजूला फुटलेलं असू शकतं.

इथं दोन निर्णय एकात गुंतले होते. हेड तपासायला यंत्रणेत दाब भरता यायला हवा, आणि फुटलेल्या हाउसिंगमध्ये दाब भरता येत नाही. मिस्त्रीने हिशोब असा मांडला: हाउसिंग तसंही बदलायचंच आहे, हेड उचलावं लागलं तरी ते वाया जात नाही. तेव्हा आधी हाउसिंग बसवू, महागडं कूलंट न घालता डिस्टिल्ड वॉटर भरू, मग तपासू. मला हा क्रम आवडला. निदान करण्यासाठी जे खर्चायचं ते शेवटी उपयोगी पडणारंच आहे, असा खर्च आधी करावा.

आता हाउसिंगचं काय करायचं यावर चर्चा रंगली. पुट्टी किंवा इपॉक्सी लावून चीर बुजवणं हा पर्याय कुणी गांभीर्याने घेतला नाही. नायलॉनला ती नीट धरत नाही, आणि धरलीच तरी शेजारचं नायलॉन तितकंच ठिसूळ असतं. रस्त्यात अडकल्यावर गावापर्यंत पोचायला ठीक.

दुकानदाराने सुचवलं, थर्मोस्टॅट काढूनच टाका. “आपल्याकडं कसली थंडी? कशाला पायजे?” हा सल्ला महाराष्ट्रात जितक्या सहज मिळतो तितका दुसरा कुठलाच मिळत नसेल. जुन्या ट्रकांत लोकांनी तो वर्षानुवर्षं पाळला. पण या इंजिनच्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या आहेत. मोठी रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी मागची छोटी तबकडी इंजिनातली आतली वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आतली वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. घाटात गाडी उलट जास्त तापू शकते. सपाटीवर सकाळच्या वेळी ती लवकर तापत नाही, डिझेल जास्त खाते, काजळी वाढते, चेक इंजिनचा दिवा लागतो.

तिसरा पर्याय आबांचा स्वतःचा, आणि कोल्हापूरच्याच माणसाला सुचेल असा. “उद्यमनगरात अॅल्युमिनियमचं करून घेतो. आयुष्यभर फुटणार नाही.” शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, छोट्या फाउंड्र्या, सगळं हाकेच्या अंतरावर. आबांनी फुटलेला तुकडा टेबलावर ठेवून मापं घ्यायलाही सुरुवात केली. मिस्त्री गप्प बसला, कारण आबांपुढे ओतकामाबद्दल बोलायची त्याची हिंमत नव्हती. पण मापं घेता घेता आबाच थांबले. ओ-रिंगची खाच, सेन्सरचे आटे, झडप ज्यावर बसते ती आतली गोल कड, हौजपाइपासाठी फुगीर टोक असलेली पातळ नळी. एक नग ओतायचा म्हणजे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) आणि कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) दोन्ही करायचे. आणि पातळ भिंतीच्या अॅल्युमिनियमच्या ओतकामात सूक्ष्म छिद्रं राहतात, दाबाखाली ती पाझरतात, हे सांगायला तिथे आबांपेक्षा जाणकार कुणी नव्हतं. “तपासायला दाबाचं जिग कोण करणार एका नगासाठी?” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी कॅलिपर खिशात घातला.

उरले दोन: कंपनीचा मूळ भाग, साडेतीन हजारांच्या घरात आणि मागवायला दोन दिवस, किंवा बाजारातला, तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत आणि लगेच. मिस्त्रीने बाजारातला नग आणून दोन्ही भोकं दाखवली. मूळ हाउसिंगच्या बोल्टच्या भोकात धातूची बारीक बुश, म्हणजे छोटी नळी असते. बोल्टचा जोर बुशवर येतो, नायलॉन चिरडलं जात नाही. बाजारच्या नगात बुश होती, पण भोकाच्या उंचीपेक्षा आखूड. आवळलं की आधी नायलॉनच दबणार. बुश पूर्ण उंचीची असती तर मीही स्वस्तातला घ्या म्हणालो असतो. प्रत्येक वेळी मूळच भाग घ्यावा असं माझं मत नाही. इथं मूळ भाग मागवला. झडप त्याच्यात बसवलेलीच येते. सोबत नवी ओ-रिंग, स्प्रिंगची क्लिप आणि टाकीचं झाकण. झाकणाला लोक विसरतात, पण दाब धरणारी झडप त्याच्यातच असते.

प्रत्यक्ष काम

जुनं हाउसिंग काढताना एक बोल्ट तुटला. ६ मिलिमीटरचा पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, दोन-तीन महिने क्षाराचं पाणी झिरपलेलं. दोन धातू एकमेकांत रुतून बसतात. पान्याला आधी स्पंजासारखी ढिलाई जाणवली, मग तट्ट. तीन-चार मिलिमीटर बुंधा बाहेर राहिला हे नशीब.

मिस्त्रीच्या मुलाने ड्रिल हातात घेतलं होतं. मिस्त्रीने थांबवलं. पोलादी बुंधा कठीण, भोवतीचं अॅल्युमिनियम मऊ; हातातलं ड्रिल थोडं घसरलं की ते मऊ बाजूला पळतं, आणि मग भोक मोठं करून आट्यांची स्प्रिंग बसवण्याशिवाय उपाय उरत नाही. त्याऐवजी बुंध्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग भरायचं ठरलं. त्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या, इंजिनच्या कंट्रोल युनिटचा सॉकेट काढला. पहिलं वेल्डिंग फिरवताच निखळलं. दुसऱ्या वेळी मोठा नट घेतला, वेल्डिंग नीट भरलं आणि लाल उष्णता उतरेपर्यंत थांबून, पुढे-मागे, पुढे-मागे करत बुंधा बाहेर आला. इथं काम जोडण्यापेक्षा वेल्डिंगची उष्णताच करते. बुंधा तापून फुगतो, निवताना आक्रसतो, आणि त्या हालचालीत गंजाची पकड सुटते.

मग हेडवरची बसायची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून सिलिकॉन काढलं. सॅंडपेपर वापरला नाही, त्याची धूळ पाण्याच्या वाटेत जाते. नवं हाउसिंग कोरड्या सांध्यावर, ओ-रिंगला फक्त कूलंटचं बोट लावून. बोल्ट टॉर्क रेंचने ९ न्यूटन-मीटर. मिस्त्रीकडे टॉर्क रेंच होता आणि तो त्याने ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी काढला, याचं मला खरंच कौतुक वाटलं. बहुतेक गॅरेजांत तो फक्त हेडच्या बोल्टांसाठी बाहेर येतो.

पाणी भरताना हवा अडकू नये म्हणून गाडीचं नाक रॅम्पवर चढवलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि वरचा हौजपाइप हातानं दाबत दाबत हवेचे बुडबुडे टाकीतून बाहेर काढले. जुनं पाणी बादलीत काढलं होतं. ते गटारात किंवा उघड्यावर न ठेवता झाकून ठेवलं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, गॅरेजमधली कुत्री ते चाटतात.

आता हेडचा फैसला. हातपंपाने यंत्रणेत एक बार दाब भरला आणि पाव तास काटा बघितला. हलला नाही. नंतर इंजिन चालू करून टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावली. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रवाचा रंग पिवळट होतो. डिझेल इंजिनात आयडलवर हा वायू कमी सुटतो, म्हणून मिस्त्रीने नुसतं उभ्या गाडीवर समाधान मानलं नाही. गाडी फिरवून, गरम करून पुन्हा नळी लावली. रंग निळाच राहिला.

कॉम्प्रेशन तपासायचं का, हा शेवटचा प्रश्न. त्यासाठी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या कांड्या) काढावे लागतात, आणि इतक्या जुन्या डिझेलमध्ये ते हेडमध्येच तुटण्याची भीती असते. बाकी तपासण्या चांगल्या आलेल्या असताना हा धोका घ्यायचा नाही असं ठरलं. इथं माझं आणि मिस्त्रीचं एकमत आहे. तपासणीच नवा बिघाड करून ठेवणार असेल, तर आधीच्या पुराव्यावर थांबावं.

निकाल

चाचणीसाठी लेक आणि मिस्त्री जोतिबाच्या डोंगरावर गाडी घेऊन गेले, एसी लावून, स्कॅनर जोडून. काट्याऐवजी आकडा बघता यावा म्हणून. चढावर तापमान नव्वदीच्या आसपास खेळलं, वर थांबल्यावर पंखा लागला आणि आकडा खाली आला. परत आल्यावर पाणी काढून यंत्रणा स्वच्छ होईपर्यंत धुतली. इंजिनच्या आत दोन-एक लिटर पाणी राहतंच, त्यामुळे तयार मिश्रण न ओतता आधी निव्वळ कूलंट भरलं आणि मग पातळी पुरी केली, म्हणजे मिश्रण निम्मं-निम्मं झालं.

पहिल्या आठवड्यात टाकीची पातळी बोटभर उतरली. आबांचा फोन लगेच मिस्त्रीला. उरलेली हवा निघून गेल्याने ते झालं होतं. एकदा भरल्यावर पुढच्या पावसाळाभर पातळी हलली नाही. हेड उचललं गेलं नाही. एकूण खर्च, कूलंट आणि मजुरी धरून, त्या फोनवरच्या अंदाजाच्या पाव भागाच्याही आत.

हेड अगदी निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. कोरडं तापलेलं गॅस्केट काही वेळा वर्षभराने बोलतं. म्हणून दर सर्व्हिसिंगला दाबाची चाचणी घ्यायची असं ठरलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

होळीच्या वेळी पातळी पहिल्यांदा उतरली तेव्हा दाबाची चाचणी झाली असती, तर हे प्रकरण पाव तासात संपलं असतं. कूलंटची यंत्रणा बंद असते. तिच्यातलं पाणी कमी झालं तर ते कुठेतरी गेलेलंच असतं. पाणी ओतणं वाईट नव्हे, ओतून विसरणं वाईट. ओतायचंच तर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावरही मिळतं.

घाटात काटा मध्यावरून हलताक्षणी थांबायला हवं होतं का? कागदावर, हो. पण मी तो घाट ओळखतो आणि त्या वळणावर मी स्वतःही थांबलो नसतो. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते काटा उतरल्यानंतरचं. चढ आणि भार तोच असताना काटा अचानक मध्याच्या खाली गेला, तर ती बातमी वाईट आहे असं धरून हीटर लावून बघणं. वर्गात मुलांना मी आता हा भाग वेगळा सांगतो, कारण पुस्तकात काटा वर जाण्याचंच वर्णन असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या कामात स्प्रिंगची क्लिप परत लावली असती आणि सिलिकॉन टाळलं असतं तर? नायलॉन कधीतरी फुटलंच असतं, पण कदाचित ठिबकत, सांगत फुटलं असतं.

एका गोष्टीवर अजून मतभेद आहे. मिस्त्रीचं म्हणणं, यंत्रणा रिकामी केलीच होती तर पाण्याचा पंपही बदलायला हवा होता. कोरड्या चालीत त्याच्या सीलला घासा बसलेला असणार. आबांनी नको म्हटलं, कारण पंप पाझरत नव्हता. लेकीने पंपाखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा तारेने बांधून ठेवलाय आणि दर रविवारी टॉर्च मारून बघते.